बेघरपणा की बेघरपण?

विचारणा
निवडणुकीतल्या उमेदवारांना द्यायच्या मागणीपत्राचा मसुदा करतोय. मथळा आहे ‘बेघरपणाचे निर्मूलन झालेच पाहिजे’. एका मैत्रिणीने सुटसुटीत म्हणून ‘बेघरांचे निर्मूलन’ केले, ते वाचून अंगावर काटाच आला. ‘गृहहीनता’ शुद्ध वाटतो, पण बोलतं कोण? काय ठेवू?

प्रतिसाद
गृहहीनता सोडाच, उमेदवार दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायचा नाही. ‘बेघर’ छान रुळलाय: फारसी ‘बे’ आणि आपलं ‘घर’.

खरी गंमत प्रत्ययात आहे. मोठेपण आणि मोठेपणा शेजारी ठेवून पाहा. मोठेपण माणसाला असतं, मोठेपणा तो मिरवतो. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण या माणसावर येणाऱ्या अवस्था. आळशीपणा, वेंधळेपणा, हट्टीपणा हे स्वभाव. ‘बेघरपणा’ म्हटलं की नकळत तो त्या माणसाचा गुण (म्हणजे दोषच) ठरतो आणि मग ‘कामधंदा का नाही करत?’ हा प्रश्न आलाच. आजारपणासारखं ‘बेघरपण’ लिहा.

‘निर्मूलन’ला हरकत नाही, मात्र षष्ठी जपा. रोगाचं निर्मूलन होतं, रोग्याचं नाही.

प्रतिसाद
एकटेपणा? तो काही स्वभाव नव्हे.

प्रतिसाद
मान्य, नियम पक्का नाही, कल आहे. मथळ्यातल्या ‘बेघरपणाचे’मध्ये दोन्ही रूपं सारखीच दिसतात, पण शब्द सुटा आला की कलच ऐकू येतो.

प्रतिसाद
‘अनिकेत’ चालेल का? अर्थ तोच.

प्रतिसाद
अर्थ तोच, वजन उलटं. गीतेच्या 12व्या अध्यायात अनिकेत हे भक्ताचं कौतुक आहे, त्याने घराची आसक्तीच सोडलेली असते. इथे घर सोडलेलं नाही, सुटलंय.

विचारणाऱ्याकडून
बेघरपण घेतलं. मसुद्यात पुढे असं आहे: ‘हजारो नागरिक बेघर झाले आहेत. त्यांच्यासाठी निवाऱ्याची सोय करावी.’

प्रतिसाद
या दोन वाक्यांत तीन शब्द अडतात.

‘झाले’. पाऊस झाला, उशीर झाला, तसे बेघर झाले, कर्ता गायब. भाडं वाढवलं, घर रिकामं करायला लावलं, परवडणारी घरं बांधलीच नाहीत, ही सगळी सकर्मक क्रियापदं आहेत. राजकारण्याला जाब विचारायचा तर कर्ता हवा.

‘निवारा’. निवारणे म्हणजे दूर सारणे. ऊन, पाऊस, थंडी निवारतो तो निवारा. रात्री गादी मिळते, सकाळी बोचकं उचलून बाहेर. दाराची किल्ली रखवालदाराकडे. तो नको असं नाही, आजच्या रात्रीला तो लागतोच. पण मागणी तिथेच थांबली तर मिळेलही तेवढंच. मानवी हक्कांच्या 1948च्या जाहीरनाम्यात, कलम 25मध्ये, अन्नवस्त्राच्या रांगेत घर आहे. फिनलंडने 2008पासून ‘आधी घर’ हे सरकारी धोरणच केलं: आधी भाडेकरार आणि किल्ली, मग व्यसनमुक्ती, नोकरी वगैरे. निवाऱ्याच्या इमारतींच्या सदनिका केल्या, आणि दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या घटली. तिथल्या मोजणीत ओळखीच्यांकडे तात्पुरते राहणारेही बेघर धरतात. आपल्या कानाला बेघर म्हणजे फक्त उघड्यावरचा. मावशीच्या स्वयंपाकघरात चार महिने पथारी टाकणारा त्यात बसत नाही. म्हणून मागणीपत्रात व्याख्या द्याच, नाहीतर संख्या कमी दाखवणं फार सोपं.

तिसरा शब्द ‘सोय’. सोय पाहुण्यांची करतात, चारदोन दिवसांची. ‘तरतूद’ लिहा, ती अर्थसंकल्पात होते.

विचारणाऱ्याकडून
‘बेघरपण संपवण्यासाठी घरांची तरतूद लवकरात लवकर करावी.’ आता बरोबर?

प्रतिसाद
‘लवकरात लवकर’ खोडा. तिथे वर्ष घाला, आणि किती घरं तो आकडा.