मदत हवी आहे: चीनच्या संरक्षण श्वेतपत्रिका वाचायच्या तरी कशा?

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या अभ्यासगटात मला चीनच्या संरक्षण धोरणावर बोलायचं आहे. २०१९ ची श्वेतपत्रिका वाचून काढली. वर्चस्व नको, विस्तार नको, प्रभावक्षेत्रं नकोत. अण्वस्त्रांचा पहिला वापर कधीही, कोणत्याही परिस्थितीत करणार नाही. लष्करी खर्च जीडीपीच्या जेमतेम १.३ टक्के. थोडं पुढे गेलं की त्याच शांत सुरात लिहिलंय, तैवानबाबत बळाचा वापर सोडून देण्याचं वचन आम्ही देत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते की दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांचं लष्करीकरण करण्याचा चीनचा इरादा नाही. तेव्हा तिथल्याच सुबी, मिस्चिफ आणि फायरी क्रॉस या खडकांवर भराव टाकून धावपट्ट्यांचं काम सुरूच होतं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने चीन त्या समुद्राच्या नकाशावर काढतो त्या नऊ रेघांच्या आतल्या ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला, तो निकाल चीनने मानला नाही.

आमच्या गटातले एक काका '६२ आठवा' एवढंच बोलून विषय संपवतात. दुसरे म्हणतात, अमेरिकेचे जगभर तळ, चीनचा पहिला परदेशी तळ आफ्रिकेतल्या जिबुतीत झाला तोही २०१७ मध्ये, मग आक्रमक कोण? मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. हे शांततेचे दावे तपासायचे कसे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. (लिंकांचा ढीग नको, प्लीज.)

— तळटीप

---

नकाशेवाला:
शेजारी नकाशा उघडा आणि चीन कशाला 'आपलं' म्हणतो ते आधी रंगवा. विस्तार न करण्याचं वचन त्या रंगाच्या बाहेरच्या जगासाठी आहे. तैवान आत, स्प्रॅटली आत, अरुणाचलही आत. त्यामुळे बेटांवर शस्त्रं दिसली तरी 'आमच्याच भूमीवरची संरक्षणव्यवस्था' असं उत्तर मिळतं, आणि देणाऱ्याला ते खोटं वाटत नसावं. २००५ च्या फुटीरताविरोधी कायद्यात तैवानसाठी 'अशांततामय मार्ग' लिहूनच ठेवलाय. चीनच्या लेखी १९६२ चं आपल्याशी आणि १९७९ चं व्हिएतनामशी झालेलं, दोन्ही युद्धं म्हणजे स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला. गलवानमध्ये तर प्रत्यक्ष नियंत्रण रेषा कुठून जाते यावरच एकमत नव्हतं. आपले २० जवान गेले; चीनने स्वतःचे चार मृत जाहीर केले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये.

---

हिशेबनीस:
वरच्याशी सहमत, पण नकाशाने सगळं सुटत नाही. जुन्या श्वेतपत्रिका शेजारी ठेवून बदल बघा. २०१५ च्या पत्रिकेत किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या जोडीला खुल्या समुद्राचं संरक्षण आलं. लिआओनिंग विमानवाहू नौका २०१२ ची, शांदोंग २०१९ ची, फुजियान २०२५ ची. नुसता किनारा राखायला एवढं लागत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चीनला येणाऱ्या तेलाची काळजी मात्र खरीच आहे, तेही गटात सांगा.

पैशांचं म्हणाल तर २०२४ चा सरकारी आकडा १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे सुमारे २३० अब्ज डॉलर. स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेचा अंदाज ३१४ अब्ज, कारण सशस्त्र पोलीस आणि संशोधनाचा बराच खर्च ती संस्था धरते. अण्वस्त्रांचंही पाहा. पहिला वापर नाही हे वचन १९६४ पासून तसंच आहे, पण पेंटागॉनच्या (अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या) २०२० च्या अहवालात चीनकडे दोनशेच्या थोडी वर अण्वस्त्रं होती, २०२४ च्या अहवालात सहाशेहून जास्त. (पेंटागॉनलाही बजेट मिळवायचं असतं, हे लक्षात ठेवून वाचा.)

---

तळटीप:
दोघांचेही आभार! नकाशा मोठा छापून घेतो. आता १९७९ वर अडलोय: व्हिएतनामच्या बाजूने त्या युद्धाबद्दल वाचण्यासारखं मराठीत किंवा हिंदीत कुणाच्या पाहण्यात आहे का?