'डिस्ट्रॉयर'ला 'विनाशिका'च म्हणायचे का?

दर्यावर्दी : पहिल्या महायुद्धातील जपानी आरमारावर मराठीत लिहीत आहे. १९१७ साली जपानने भूमध्य समुद्रातील माल्टाला धाडलेल्या डिस्ट्रॉयरांचे, म्हणजे वेगवान युद्धनौकांचे, काम सैन्यवाहू जहाजांना पाणबुड्यांपासून सांभाळून नेण्याचे होते. ४ मे रोजी 'ट्रान्सिल्व्हेनिया' या ब्रिटिश सैन्यवाहू जहाजावर टॉर्पेडो आदळला, तेव्हा त्यांपैकी 'मात्सु' त्या जहाजाला भिडून सैनिक उतरवून घेऊ लागली आणि पाणबुडीने डोके वर काढू नये म्हणून 'साकाकी' भोवती घिरट्या घालत राहिली. येथे 'विनाशिकेने सैनिकांचे प्राण वाचवले' असे लिहिताना हात अडखळतो. दुसरा शब्द सुचेल का?

शब्दमित्र : माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम'लाही वर्तमानपत्रे विनाशिकाच म्हणतात, तेव्हा रूढ शब्द मोडू नये. मूळ इंग्रजी नाव 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर' होते, म्हणजे विनाश व्हायचा तो शत्रूच्या टॉर्पेडो बोटींचा. इंग्रजांनी नावाचा पुढचा भाग गाळला, त्याचे खापर मराठीवर कशाला?

कांजीप्रेमी : जपान्यांनी तर 'विनाश' घेतलाच नाही. 'कुचिकुकान'मधील 'कु' म्हणजे हाकणे, 'चिकु' म्हणजे पाठलाग करणे आणि 'कान' म्हणजे युद्धनौका. त्या अर्थाने मी 'पिटाळनौका' सुचवतो.

मुद्रितशोधक : 'पिटाळनौका' माझ्या हातून छापली जाणार नाही. गोदीत हयात घालवलेले आमचे काका सरळ 'तो डिस्ट्रॉयर आला' म्हणत, आणि त्यांना कोणी विनाशिका शिकवायला गेले नाही.

शब्दमित्र : काकांविषयी आदर आहे, पण नौका स्त्रीलिंगी असल्याने 'ती'च हवे.

मुद्रितशोधक : मग गलबत नपुंसकलिंगी आणि मचवा पुल्लिंगी कसा? समुद्रावरच्या मराठीने आपला नियम कधी पाळला आहे?

कांजीप्रेमी : लिंग राहू द्या, कामाकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील ग्वादालकनाल बेटावर याच नौका रात्रीच्या अंधारात सैनिक आणि पिंपांत भरलेला शिधा पोहोचवत, आणि जपानी खलाशी त्याला 'उंदीर-वाहतूक' म्हणत. विनाशिकेने पिंपे वाहावीत, यात कसला विनाश?

शब्दमित्र : उदाहरण आपल्याच अंगाशी आले. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री त्याच बेटाजवळ तासाफारोंगा येथे जपानी नौसेनानी तानाका यांच्या आठपैकी बहुतेक नौकांच्या डेकवर अशी पिंपे रचलेली होती. तरीही त्यांच्या टॉर्पेडोंनी अमेरिकेची एक क्रूझर (विनाशिकेहून मोठी युद्धनौका) बुडवली आणि तीन जायबंदी केल्या, तर जपानची एकच 'ताकानामी' गेली. याला पिटाळणे म्हणायचे का?

दर्यावर्दी : माझ्या वाक्यात मात्र अजून रिकामी जागाच आहे. आजचे जपानी नौदल 'गोएइकान', म्हणजे संरक्षक नौका, म्हणते. तोच शब्द १९१७ ला लावला तर चालेल का?

मुद्रितशोधक : चालणार नाही. तो शब्द दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राजकारणातून आला आहे आणि त्या काळच्या नौकांवर तो डकवणे म्हणजे इतिहासाला रंग फासणे होईल.

कांजीप्रेमी : त्यापेक्षा या जपानी नौकांच्या नावांचे काय करणार, ते ठरवा. 'फुबुकी' म्हणजे हिमवादळ, 'युकिकाझे' म्हणजे बर्फाळ वारा. 'कामिकाझे' नावाची १९२२ ची विनाशिका तर १९४५ मध्येही तरंगत होती, पण तळटीप दिली नाही तर वाचक ते आत्मघातकी विमानच समजेल.

शब्दमित्र : पाहा, शेवटी आपणही विनाशिकाच लिहिलेत!