मुलांच्या सहलीच्या गाडीत मद्यपान होऊ नये म्हणून काय करावे? (मदत हवी आहे)

इंदिरानगरची आई: नमस्कार. येत्या शनिवारी मुलाच्या मित्रांनी सहलीसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला आहे. याच मंडळातील मोठ्या मुलांच्या गेल्या सहलीत चालत्या गाडीत दारू प्यायली गेली, हे आम्हा पालकांना फार उशिरा कळले. गाडीमालकाला विचारले, तर ‘गाडी स्वच्छ परत मिळाली की आमचे काम संपले’ असे उत्तर मिळाले. सहल रद्द करायची नाही. गाडीत दारू येणार नाही अशी व्यवस्था कशी करावी, एवढेच कृपया लवकर सांगा.

गोदाकाठ: मुलांची वये काय, गाडी कोणाच्या नावावर ठरली, जायचे कोठे आणि सोबत मोठे माणूस कोण, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

मखमलाबादकर: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, तर इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. मुले 18 वर्षांखालील असतील, तर त्यांना दारू देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 नुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मे 2024 मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर हे कलम लावले गेले होते.

इंदिरानगरची आई: बहुतेक मुले 17 वर्षांची आहेत, दोघांना 18 पूर्ण आहेत. गाडी एका मुलाच्या थोरल्या भावाने ठरवली. वणीमार्गे सापुतारा आणि रात्री परत. मोठे कोणीही जाणार नाही.

सातपूरचा वाचक: मग गाडीचा क्रमांक पोलिसांना कळवून ठेवा. नाकाबंदीत आपोआप सापडतील.

मखमलाबादकर: नाकाबंदीत तपासणी होते ती चालकाची. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 मधील, 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा गाडी चालवणाऱ्यापुरतीच आहे. चालक शुद्धीत असला की गाडी पुढे सोडतात आणि मागच्या बाकावरची बाटली तशीच राहते.

सह्याद्रीप्रेमी: सापुतारा गुजरातेत आहे आणि तेथे दारूबंदी आहे. मुले बाटल्या हद्दीच्या अलीकडे, महाराष्ट्रातच घेतील आणि हद्दीवर सापडल्या तर सगळेच अडकतील. त्यापेक्षा भंडारदऱ्याला पाठवा, रस्ताही सुंदर आहे.

गोदाकाठ: ठिकाण बदलल्याने काय साधणार? भंडारदऱ्याच्या वाटेवर दारू मिळत नाही काय? सोबत मोठे माणूस हवे. कॅलिफोर्नियात भाड्याच्या पार्टी बसमध्ये मद्य आणि 21 वर्षांखालील प्रवासी असे दोन्ही असतील, तर किमान 25 वर्षांची जबाबदार व्यक्ती सोबत असण्याची अट कायद्यानेच घातली आहे.

पंचवटीचा गाडीवाला: ताई, मी स्वतः ट्रॅव्हलर भाड्याने देतो, म्हणून चालकाची अडचण सांगतो. उरलेले भाडे आणि भत्ता परतल्यावर मुलांकडूनच मिळणार असेल, तर तो त्यांना कशाला दुखवील? म्हणून संपूर्ण रक्कम भत्त्यासह पालकांनी आधीच द्यावी आणि बुकिंग एखाद्या पालकाच्या नावावर करून घ्यावे. बाटली दिसल्यास चालक पालकांना फोन करील आणि सहल तेथेच थांबेल, ही अट पावतीवर लिहून घ्यावी. पिशव्या डिकीत ठेवून किल्ली चालकाकडे असावी. ठरलेल्या थांब्यांखेरीज गाडी कोठेही उभी राहू नये, कारण खरेदी तेथेच होते. बहुतेक वेळा दारू थंड पेयाच्या बाटलीत आधीच मिसळून आणलेली असते, त्यामुळे सीलबंद पाणी आणि पेये पालकांनीच द्यावीत. सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाने चालकाशेजारी न बसता शेवटच्या रांगेत बसावे.

सातपूरचा वाचक: सहल थांबवायची म्हणजे मुलांना घाटात उतरवायचे काय?

पंचवटीचा गाडीवाला: मुळीच नाही. वणीसारख्या वर्दळीच्या गावात गाडी उभी करायची आणि पालक येईपर्यंत चालकाने तेथेच थांबायचे. अंधारात, चालत्या गाडीत त्याने मुलांशी वाद घालू नये.

सिडको रहिवासी: आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो. एखादे मूल हाक मारूनही जागे होत नसेल, तर त्याला कुशीवर वळवावे, कॉफी पाजू नये, एकटे झोपू देऊ नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

इंदिरानगरची आई: सर्वांचे मनापासून आभार. माझे धाकटे दीर सोबत जाण्यास तयार आहेत. मालक मात्र अट लिहून देण्यास नकार देत आहे.

पंचवटीचा गाडीवाला: मग उरलेली रक्कम देऊ नका आणि आजच दुसरी गाडी पाहा.