साइड स्कॅनचे चित्र धूसर का येते? सुवर्णदुर्गाबाहेरच्या कातळांवरची अडचण

प्रश्न : हर्णैचा नाखवा

नमस्कार. माझी बावीस फुटी फायबरची होडी असून तिला ४० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन आहे. गेल्या दिवाळीनंतर मी तिच्यावर साइड स्कॅनची (ध्वनी सोडून होडीच्या दोन्ही बाजूंच्या तळाचे चित्र पडद्यावर दाखवण्याची) सोय असलेला फिश फाइंडर बसवून घेतला. सुवर्णदुर्गाच्या बाहेरच्या अंगाला सात-आठ मीटर पाण्यात जे कातळ आहेत, त्यांच्या कडेला गोबरा आणि तांबोशी गळाला लागते, आणि त्याच कातळांत आमची जाळी अडकून फाटतात. कातळ नेमका कोठे सुरू होतो आणि चिखल कोठे लागतो हे एकदा स्वच्छ दिसावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात तीन अडचणी येतात. उजव्या बाजूचे चित्र डाव्या बाजूपेक्षा बरेच काळपट दिसते. इंजिनाचा वेग वाढवला की पडद्यावर बारीक आडव्या रेघा उमटतात. आणि कातळ दिसलाच तर तो ओल्या कागदावर शाई पसरावी तसा दिसतो. मी दोन्ही बाजूंना ८० मीटरची रेंज (तेवढ्या अंतरापर्यंतचा तळ पडद्यावर) ठेवतो, फ्रिक्वेन्सी ८०० किलोहर्ट्झ असते आणि होडी सात-आठ नॉट वेगाने चालवतो. सेन्सिटिव्हिटी (क्षीण प्रतिध्वनीही टिपण्याची क्षमता) वाढवून पाहिली, पण त्याने केवळ पांढरे ठिपके वाढले. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कातळखुणा, मालवण

आपण दिलेले आकडेच आपल्या तिसऱ्या अडचणीचे कारण सांगतात, म्हणून त्यांचा हिशेब आधी मांडतो. आपल्याकडच्या उबदार, खाऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. ८० मीटरवरून प्रतिध्वनी परत यायचा म्हणजे १६० मीटरचा प्रवास, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय यंत्र पुढचा ध्वनी सोडू शकत नाही; एका ध्वनीमागे चित्राची एक रेघ उमटते, त्यामुळे सेकंदाला अशा दहासुद्धा रेघा मिळत नाहीत. आठ नॉट वेगाने आपली होडी तेवढ्या एका सेकंदात चार मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे दोन रेघांमध्ये चाळीस सेंटीमीटरहून अधिक तळ न पाहताच मागे पडतो. तेच २५ मीटर रेंज आणि चार नॉट वेग ठेवला, तर दोन रेघांमधले अंतर सात सेंटीमीटरच्या आसपास येते.

पडद्याचाही विचार करावा. पडद्याच्या रुंदीत ८०० ठिपके असतील, तर एका बाजूच्या वाट्याला ४०० येतात. ८० मीटर त्यांत बसवले की एकेक ठिपका २० सेंटीमीटरचा होतो, आणि तेवढ्यात गोबऱ्याचे तोंड कोठे आणि कातळाची चीर कोठे हे कळणे शक्यच नाही. शिवाय ध्वनीचा झोत दूर जाताना रुंदावतो, त्यामुळे लांबचा दगड आपोआप फेंगडा आणि पसरट दिसतो.

फ्रिक्वेन्सीबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ८०० किलोहर्ट्झ बारकावे चांगले दाखवते, परंतु इतका उंच ध्वनी पाण्यात लवकर विरतो, आणि खाऱ्या पाण्यात तर गोड्या पाण्यापेक्षा अधिकच लवकर. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट हे त्याचे एक कारण आहे. धरणाच्या जलाशयात कोणी ८०० वर सुंदर चित्र काढले म्हणून ते आकडे हर्णैला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आधी ४५५ किलोहर्ट्झवर ४० मीटर रेंजने फिरून कातळाची जागा शोधावी, तेथे खूण नोंदवावी, आणि मग ८०० वर रेंज २५ मीटर करून त्याच खुणेला समांतर, दहा-बारा मीटर अंतर राखून जावे. चित्र पुढे सरकण्याचा वेगही होडीच्या वेगाशी जुळवावा, नाहीतर गोल दगड लांबट दिसतो. सेन्सिटिव्हिटीला सर्वांत शेवटी हात लावावा.

उत्तर : खाडीकाठचा वायरमन, रत्नागिरी

पहिल्या दोन अडचणींबद्दल लिहितो. उजवी बाजू काळपट असेल तर ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाच्या) उजवीकडे काही आड येते आहे का ते होडी किनाऱ्यावर ओढून, इंजिन खाली सोडून पाहा. बहुतेक वेळा इंजिनाचा पायच झोताच्या वाटेत उभा असतो. ट्रान्सड्यूसर दोन्ही बाजूंना मोकळा हवा, आणि होडी पाण्यात असताना तो समतल हवा. एका अंगाला थोडासा कलला तरी एक बाजू आकाशाकडे आणि दुसरी तळाकडे पाहू लागते. पुढे जाताना पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवीकडे पाती खाली उतरतात आणि त्या बाजूचे पाणी तुलनेने शांत असते, म्हणून ट्रान्सड्यूसर इंजिनापासून उजवीकडे पुरेसा दूर घ्यावा.

वेग वाढवल्यावर उमटणाऱ्या आडव्या रेघांसाठी एक सोपी परीक्षा आहे. नांगर टाकून, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून वेग वाढवा. पंखा फिरत नसतानाही रेघा आल्या तर दोष विजेचा आहे, आणि फक्त चालत्या होडीत आल्या तर तो बुडबुड्यांचा. विजेचा असल्यास फिश फाइंडरची वायर इतर कशालाही न जोडता, फ्यूज घालून थेट बॅटरीपर्यंत न्यावी, शक्य असल्यास वेगळी छोटी बॅटरी द्यावी, आणि ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या वायरींसोबत एकाच नळीतून कधीही ओढू नये. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले टर्मिनलही एकदा घासून घ्यावेत.

ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसू देऊ नका. मऊ फडक्याने पुसावे. होडीच्या तळाला लावतो तो तेलकट रंग त्यावर लावू नये, कारण त्यातील द्रावकाने प्लॅस्टिक खराब होते.

उत्तर : दाभोळखाडी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. वेळेबद्दल मात्र कोणी लिहिले नाही, आणि माझ्या अनुभवात तिचे महत्त्व यंत्राइतकेच आहे. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असेपर्यंत पाणी सपाट असते; दुपारी वायव्येचा वारा उठला की होडी डोलते आणि सरळ कड पडद्यावर नागमोडी दिसते. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त आणि पाणी गढूळ, म्हणून मी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस निवडतो. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यानंतर काही काळ वर गोडे आणि खाली खारे असे पाण्याचे दोन थर राहतात, त्यांच्या सीमेवर ध्वनी वाकतो, आणि तेथील चित्रावर मी विसंबत नाही. होडी सरळ रेषेत न्यावी. वळताना आतल्या बाजूचा तळ पुन्हा पुन्हा छापला जाऊन ताणलेला दिसतो आणि बाहेरच्या बाजूचा आखडलेला दिसतो, म्हणून वळणावरचे चित्र सोडून द्यावे.

आणखी एक सांगतो. दगडापेक्षा त्याची सावली, म्हणजे दगडामागे ध्वनी न पोचल्याने पडणारा काळा पट्टा, नीट पाहा. खोली गुणिले सावलीची लांबी, भागिले होडीपासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर, इतके केले की दगडाची उंची मिळते. खोली ८ मीटर, सावली ४ मीटर आणि टोक २० मीटरवर असेल, तर दगड सुमारे १.६ मीटर उंच आहे. जाळे किती वर धरायचे हे त्यावरून ठरवता येते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : हर्णैचा नाखवा

आपणा तिघांचेही मनापासून आभार. इंजिनाचा पाय खरोखरच उजव्या झोताच्या आड येत होता. ट्रान्सड्यूसर एक वीत बाहेर सरकवल्यावर दोन्ही बाजू सारख्या उजळल्या. न्यूट्रलमध्येही रेघा येत होत्या, म्हणून वायर थेट बॅटरीला जोडली आणि त्या जवळजवळ गेल्या. काल सकाळी ४५५ वर जागा शोधून, मग ८०० वर २५ मीटर रेंज आणि चार नॉट वेगाने त्याच कातळाजवळून गेलो. कातळाची कड पांढरी, तिच्यापुढे चिखल काळा, आणि कडेवरून लोंबणारी एक जाळीची पट्टी तिच्या सावलीसकट दिसली. मागल्या वर्षी आमचे जाळे तेथेच राहिले होते.

सावलीच्या हिशेबाने तो कातळ पावणेदोन मीटर उंच निघाला. पुढच्या भांगाला दोर सोडून खात्री करीन आणि आकडा येथे लिहीन.