फक्त आईचा टीव्ही-बॉक्स पुण्याच्या आयपीवरून चालवायचाय, बाकी घर नको. सल्ला हवा

इसारकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला असतो. आईबाबा उन्हाळ्यात येताहेत, व्हिसाचे पूर्ण ९० दिवस. आई तिचा पुण्याचा अँड्रॉइड टीव्ही-बॉक्स सोबत आणणार आहे, कारण त्या रिमोटवर तिचा हात बसलाय. मालिकांच्या ॲपची वर्गणी तिच्या नावावर आहे, पैसे भरलेले आहेत, पण इकडच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ॲप "तुमच्या देशात उपलब्ध नाही" म्हणतं. साडेसातची मालिका म्हणजे इकडे दुपारचे चार, त्या वेळी आमचे दोघांचे ऑफिसचे कॉल चालू असतात. म्हणून अख्खं घर व्हीपीएनमध्ये (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर काढणारी सोय) ढकलणं जमणार नाही. बँकेची ॲप्स, लेकीची कार्टून्स, ऑफिसचे लॅपटॉप सगळं आहे तसंच जर्मनीतून जायला हवं.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये यातली काही सोय दिसत नाही. वेगळा घ्यायची तयारी आहे, बजेट १०० युरोच्या आतबाहेर. कुठली व्हीपीएन सेवा घ्यावी, कुठला राउटर घ्यावा आणि एकच उपकरण वेगळं कसं काढायचं?

ठाणे_पूर्व
कुठलीही नावाजलेली सेवा घ्या, बॉक्सवर तिचं ॲप टाका, देश इंडिया निवडा. पाच मिनिटांचं काम. राउटरच्या भानगडीत कशाला पडताय?

राउटरबुवा
@ठाणे_पूर्व, २०२२ च्या आधी मीही हेच सांगितलं असतं. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इनचे (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश आले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेले आयपी हे सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं. एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन वगैरे मंडळींनी त्यावर भारतातली यंत्रं गुंडाळली. आता यादीत "इंडिया" दिसतो तो बऱ्याचदा नावापुरता: यंत्र सिंगापूर किंवा लंडनला आणि पत्ता तेवढा भारतात नोंदवलेला. त्यातून हे पत्ते डेटा सेंटरचे. मालिकावाली ॲप्स ते पटकन ओळखतात. आज चाललं, उद्या बंद, मग "अरे, माझी मालिका लागत नाहीये" असा पुकारा ऐन मीटिंगमध्ये.

इसारकाठ, तुमचं पुण्यात कुणी आहे का? ज्यांच्याकडे फायबर आहे आणि घर बंद नसतं असं?

इसारकाठ
बहीण आहे कोथरूडला, फायबर आहे. आईबाबांचं घर सदाशिव पेठेत, तिथेही कनेक्शन आहेच. तिथेच काही लावलं तर?

निवांत_नाशिककर
आईबाबा तीन महिने बाहेर जाताना मेन स्विच बंद करून जाणार नाहीत याची लेखी हमी घ्या आधी 😀

राउटरबुवा
नाशिककर गमतीत बोललेत, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. बहिणीकडेच लावा. सशुल्क व्हीपीएन नको, भारतातला खरा घरगुती आयपी तुमच्या घरातच आहे.

पुण्याच्या टोकाला एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') किंवा जुना लॅपटॉप, त्यावर वायरगार्ड (स्वतःचं व्हीपीएन बांधायचं सॉफ्टवेअर). हे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, म्हणून साध्या यंत्रावरही पळतं. ओपनव्हीपीएन हे त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर धापा टाकतं. वेगाचं म्हणाल तर सगळे डाउनलोड बघतात, इथे बहिणीकडचा *अपलोड* महत्त्वाचा, कारण तुमची मालिका तिच्या घरातून वर चढणार आहे. फायबरला बहुतेक ठिकाणी दोन्ही सारखेच असतात. एचडीला ८–१० एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. पुणे–म्युनिक जाण्यायेण्याला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतील. मालिका बघताना ते जाणवत नाही, फक्त रिमोटने पुढेमागे करताना क्षणभर थांबेल.

खरी मेख पुढे आहे. बहिणीच्या राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर कनेक्शन सीजीनॅटच्या मागे आहे. म्हणजे एकाच बाहेरच्या पत्त्यावर कंपनीने अनेक घरं बसवलीत, आणि बाहेरून कुणी तिच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही. पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेली हाक राउटरमधून आतल्या यंत्राकडे वळवून) डोकं फोडलं तरी उपयोग नाही. मग तीन वाटा उरतात: कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर आयपी घ्या, दोन्हीकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर बोगदा (दोन घरांमधली व्हीपीएनची जोडणी) त्यावरून बांधा, नाहीतर टेलस्केल (दार उघडं नसतानाही यंत्रं जोडून देणारी सेवा) वापरा.

तुमच्या म्युनिकच्या टोकाला सीजीनॅट असला तरी चालतो, कारण हाक तिकडूनच मारली जाते. दोघांपैकी एकाचंच दार उघडं लागतं.

चहाबाज
टेलस्केलला +१. आमच्याकडे सासऱ्यांच्या घरी सीजीनॅट होता, तरी चाललं. तिकडच्या यंत्राला "एक्झिट नोड" (जिथून इंटरनेटवर बाहेर पडायचं ते टोक) करायचं, ॲडमिनच्या पानावर त्याला मंजुरी द्यायची (ही पायरी लोक विसरतात आणि मग नोड दिसत नाही म्हणून ओरडतात), आणि बॉक्सवरच्या ॲपमध्ये तो निवडायचा. अँड्रॉइड टीव्हीसाठी ॲप आहे. राउटर घ्यायचीही गरज नाही.

इसारकाठ
बॉक्सवर काही टाकायचं टाळायचंय. आधीच मेमरी कमी, ॲप्स आपोआप बंद पडतात. आणि आई काहीतरी दाबणार, व्हीपीएन बंद होणार, हे ठरलेलंच. तिला फक्त बॉक्स चालू करून बसायचंय.

बहिणीकडचा वॅन आयपी बघितला, १००.७ वगैरे काहीतरी आहे. म्हणजे गेलो कामातून?

राउटरबुवा
दुसरा आकडा बघा: ६४ ते १२७ च्या मध्ये हवा. ७ म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. आता "माझा आयपी काय" दाखवणारी साइट तिच्याच वायफायवरून उघडा. तिथला आकडा आणि राउटरमधला आकडा एकच आला तर सीजीनॅट नाही, खरा पत्ता आहे.

इसारकाठ
एकच आला! 🎉 पण बहीण म्हणते दर काही दिवसांनी बदलतो.

राउटरबुवा
बदलू दे. डायनॅमिक डीएनएसचं (पत्ता बदलला तरी न बदलणारं) एखादं फुकटचं नाव घ्या, पाय स्वतःच नवा पत्ता कळवत राहील. बहिणीच्या राउटरवर यूडीपी ५१८२० हा एक पोर्ट पायकडे वळवा, बस.

ओपनमाइंडेड
आता एकच उपकरण वेगळं कसं काढायचं ते सांगतो. याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यात वायरगार्डचा इंटरफेस करा, पियरमध्ये (समोरच्या टोकाच्या नोंदीत) ०.०.०.०/० म्हणजे 'सगळे पत्ते' लिहा, पण "राउट अलाउड आयपीज" ही खूण *काढून टाका*. ती राहिली तर अख्खं घर पुण्याला जातं. मग पीबीआर नावाचं पॅकेज टाका. बॉक्सला डीएचसीपीमधून (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) पक्का आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०, आणि एकच नियम लिहा: या पत्त्यावरून निघालेलं सगळं वायरगार्डकडे. बोगद्याच्या फायरवॉल झोनला मास्करेडिंग (बॉक्सच्या पत्त्याऐवजी बोगद्याचा पत्ता लावणं) चालू ठेवा.

लक्षात ठेवा, बॉक्सचा वायफायचा मॅक (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) वेगळा आणि केबलचा वेगळा. पक्का आयपी वायफायच्या मॅकला दिला आणि नंतर केबल खोचली, तर नियम लागूच होत नाही.

आणि आयपीव्ही६! नियम आयपीव्ही४ पुरता लिहिला असेल तर बॉक्स मजेत आयपीव्ही६ ने जर्मनीतून बाहेर पडतो. बोगदा हिरवा दिसतो, आकडे धावतात, आणि ॲप तरीही म्हणतं की तुम्ही परदेशात. निम्मे लोक इथेच अडकतात. त्या बॉक्सचं आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये अडवून टाका.

राउटरबुवा
ओपनमाइंडेड यांनी सांगितलं ते सगळं बरोबर, आणि घरचा मुख्य राउटर स्वतःचा असेल तर मीही तसंच करीन. पण इसारकाठ यांना मुख्य राउटर बदलायचाच नाहीये, आणि सोडवायचाय तो एकच बॉक्स. मग राउटरला हे उपकरण इकडे, ते तिकडे असं निवडायला लावायचंच कशाला?

जीएल आयनेटचा एखादा छोटा प्रवासी राउटर घ्या. बजेटमध्ये बसतो, आतून ओपनडब्ल्यूआरटीच असतो, वायरगार्डची फाइल टाकली की झालं. घरच्या राउटरच्या मोकळ्या पोर्टमधून केबल काढून याच्या वॅनमध्ये खोचा. *हा अख्खा राउटर* बोगद्यात टाका. आणि याच्यावर फक्त बॉक्स जोडा, केबलने. ना पक्का आयपी, ना मॅक, ना नियमांची यादी. घरातल्या बाकी कशालाही हात लागत नाही. वायफायही चालू ठेवलंत आणि नाव "पुणे" दिलंत, तर बाबांचा टॅबलेट हवा तेव्हा "पुणे"वर, हवा तेव्हा घरच्या वायफायवर.

दोन गोष्टी विसरू नका. व्हीपीएन नसताना ट्रॅफिक अडवायची खूण त्यात आहे, ती चालू करा. नाहीतर पुण्यात लाइट गेली की बॉक्स मुकाट्याने जर्मनीतून जाईल, आणि एकाच खात्यावर दिवसातून दोन देश बघितले की ॲपला संशय येतो. आणि आयपीव्ही६ त्या राउटरवर मुळात बंद असतं, ते तसंच राहू द्या.

एक तोटा: बॉक्स वेगळ्या नेटवर्कवर असल्याने तुमच्या फोनवरून त्यावर कास्ट करता येणार नाही. फोन "पुणे"वर आणलात तर येईल.

ओपनमाइंडेड
मान्य. तीन महिन्यांसाठी हेच सुटसुटीत.

निवांत_नाशिककर
लाइटवरून आठवलं. बहिणीकडे इन्व्हर्टर असला तरी फायबरचा डबा आणि पाय त्यावर आहेत का ते बघा. नसतील तर १२ व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. पायला ५ व्होल्ट लागतात, तसं आउटपुट असलेला बघून घ्या.

सरळमार्गी
थोडं कटू बोलतो. बऱ्याच ॲप्सच्या अटींमध्ये व्हीपीएनने देशाची मर्यादा ओलांडू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. व्हीपीएन वापरणं हा ना भारतात गुन्हा ना जर्मनीत, पण खातं गोठवलं तर तक्रार कुठे करणार? काही मराठी वाहिन्यांच्या मालिका परदेशासाठीच्या वर्गणीत अधिकृतपणे मिळतात, आधी ते बघा. दुसरं, त्या बॉक्सवरून जे काही होईल ते बहिणीच्या नावावरच्या कनेक्शनवरून होईल. तिला नीट समजावून सांगा आणि "पुणे"चा पासवर्ड पाहुण्यांना वाटू नका.

इसारकाठ
अटी वाचल्या, आईलाही सांगितलं. वर्गणी तिची, बघणारी तीच, आणि खातं अडलं तर परदेशी वर्गणी घेऊ असं ठरलंय. बहिणीला सगळी कल्पना दिली. तिची एकच अट: पाय तिच्या देवघराशेजारच्या सॉकेटवर नको.

राउटर आला. आईबाबा यायच्या आधी माझ्या जुन्या बॉक्सवर करून बघितलं. आयपी पुण्याचा दिसतो, ॲप उघडतं, याद्या दिसतात, पण एपिसोड लावला की गोल गोल फिरत राहतं. साध्या वेबसाइटही काही उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

राउटरबुवा
डेटाची लहान पाकिटं जाताहेत, मोठी अडकताहेत. एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) घोळ. वायरगार्ड १४२० धरून चालतं, पण तुमच्याकडे डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट) असेल तर पीपीपीओई (त्याची लॉगिन पद्धत) आणखी ८ बाइट खातं, आणि मधे कुठे आयपीव्ही६ मधून आयपीव्ही४ नेत असतील तर आणखी ४०. दोन्ही टोकांना १३६० करून बघा.

इसारकाठ
डीएसएलच आहे. १३६० केलं, लगेच सुरू झालं! एचडी, एकदाही अडकलं नाही. सगळ्यांचे आभार.

चहाबाज
झकास. आता हेच उलटं करायचंय मला: पुण्यातला सुरक्षा कॅमेरा इंटरनेटवर जाऊच नये, फक्त मला बाहेरून दिसावा. बोगदा तोच चालेल ना?

राउटरबुवा
चालेल, पण तिथे नियम वेगळे लागतात. नवा धागा काढा, कॅमेऱ्याचं मॉडेल लिहा.