मदत हवी आहे : विनाथांबा एसटीत पॅनिक अटॅक आला तर काय करता?

कामासाठी साताऱ्याहून स्वारगेटला विनाथांबा एसटीने जावं लागतं. खंबाटकीचा बोगदा जवळ आला की छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. १०-१५ मिनिटांत ओसरतं, पण पुढे दिवसभर अंगात त्राण राहत नाही.

ईसीजी, थायरॉईड नॉर्मल. उपचार सुरू आहेत, त्यामुळे गोळ्यांची नावं नकोत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही बोललोय. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर हे घरी जमतं. गाडीत उलट श्वासाकडेच लक्ष लागतं. दिसणाऱ्या पाच वस्तू मोजा म्हणतात, बोगद्यात दिसणार काय! गार बाटली मानेला लावली की जरा बरं वाटतं. चहा कमी केलाय (हे सगळ्यात अवघड).

स्वतःची गाडी नाही. विनावाहक गाडीत कंडक्टर नसतो, मध्येच उतरता येत नाही. प्रवास टाळला की भीती वाढते असं डॉक्टर म्हणाले, ते पटतंय.

गर्दीच्या गाडीत असं होणाऱ्यांनी सांगा, नेमक्या त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता? आणि शेजारच्या अनोळखी माणसाला आधी सांगून ठेवता, की त्याने धास्ती आणखीच वाढते?