घरी बिअर प्यायला ग्लास कोणता? माझं मत: लहान, पातळ, आणि सोलकढीच्या ग्लासांपासून वेगळा ठेवलेला

खाडीकाठ (रत्नागिरी)

मे महिन्यात भावोजी पुण्याहून आले ते जाड काचेचे दोन दांडीवाले मग भेट घेऊन. वजन करून बघितलं, एकेक सातशे ग्रॅमच्या आसपास. संध्याकाळी पडवीत बसलो. फ्रीजमधली ६५० मिलीची बाटली काढून अर्धी त्यांच्या मगात ओतली, अर्धी माझ्या नेहमीच्या पातळ, उभ्या ग्लासात. पाच मिनिटांनी अदलाबदल करून दोन्हींची चव घेतली. मगातल्या बिअरचा गारवा गेलेला होता, ग्लासातली अजून छान थंड होती.

मला वाटलं भास असेल, म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. काच ३० अंशांवर, बिअर ५ अंशांवर. सातशे ग्रॅम काच तापलेली असेल तर ३२५ मिली बिअर तिच्यात ओतल्यावर दोन्ही साधारण साडेबारा अंशांवर येऊन थांबतात. दोनशे ग्रॅमचा पातळ ग्लास असेल तर आठाच्या आत. म्हणजे पहिला घोट घेण्याआधीच जाड मगाने बिअर सात-साडेसात अंशांनी गरम केलेली असते. साधी लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट पिवळी बिअर, ४ ते ७ अंशांत प्यायची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात ती मगात पडल्याबरोबर त्या पट्ट्याबाहेर जाते.

त्यामुळे माझं मत असं की किनारपट्टीवर घरी प्यायला ग्लास पातळ हवा, उभा हवा, आणि २०० ते २५० मिलीपेक्षा मोठा नको. थोडी ओता, संपवा, परत ओता. बाटली तोवर फ्रीजमध्ये. जर्मनीत कोलोन शहरात क्योल्श नावाची बिअर २०० मिलीच्या सरळ, सडपातळ ग्लासात देतात. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो, नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती आपण ग्लासावर झाकायची. कारण तेच, शेवटचा घोटसुद्धा ताजा मिळावा. आपल्याला हे नवीन नाही. चहा कटिंगमध्ये का पितो? गरम आहे तोवर संपावा म्हणून. बिअरला तोच न्याय उलट बाजूने लावायचा.

तुमचं काय म्हणणं?

चाकरमानी (मूळ गुहागर, हल्ली डोंबिवली)

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. मग गरम ठेवलात म्हणून हरला. तोच मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बघा. सातशे ग्रॅम थंड काच म्हणजे जवळजवळ १४० मिली थंड पाण्याइतका गारव्याचा साठा. तो बिअरभोवती बसलेला असतो. शिवाय दांडी धरली की तळहाताची ऊब बिअरला लागत नाही. पातळ ग्लास मुठीत धरून तुम्ही स्वतःच बिअर तापवता.

आणि दर दोन घोटांनी उठून फ्रीज उघडायचा? वर्षातून तीनदा गावाला येतो मी. पडवीत बसल्यावर समोर माडांमधून समुद्र दिसतो, चुलतभाऊ बोलत असतो, तिथून उठावंसं वाटत नाही. जर्मनीत म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट नावाची बिअरची जत्रा भरते, तिथे अख्ख्या लिटरचा मग असतो आणि लोक तासन् तास लाकडी बाकांवर बसून पितात. बिअर ही बैठकीची गोष्ट आहे. लहान ग्लासाने बैठक मोडते.

खाडीकाठ

चाकरमानी दादा, फ्रीजमधल्या मगाचा मुद्दा मान्य. मी मग थंड केला नव्हता, ती माझी चूक. पण म्युनिकचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरातली हवा थंड आणि कोरडी असते, आपल्याकडे मेमध्ये अंगावरचा घाम वाळत नाही. आणि पावसाळ्यात गावात लाइट किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे. फ्रीज चार तास बंद असेल तर त्यात बाटल्या थंड ठेवायच्या की मग?

फ्रीझरचा मार्ग मात्र कुणी धरू नये. बर्फाची पांढरी साय धरलेल्या मगात बिअर ओतली की ती साय वितळून बिअरमध्ये पाणी होतं, आणि जीभ इतकी गारठते की हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवटपणा कळतच नाही.

सागरगोटा (अलिबाग)

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. दमट हवा. थंड ग्लासाच्या बाहेर पाण्याचे थेंब धरतात ते नुसते टेबल ओलं करत नाहीत. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती ग्लासाला मिळते. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेल डुरान आणि डार्गन फ्रिअर्सन या दोन हवामानशास्त्रज्ञांनी ‘फिजिक्स टुडे’ मासिकात यावर लिहिलं होतं. बिअरच्या कॅनवर दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर धरला तरी आतली बिअर साधारण ५ अंशांनी तापते. उन्हाळ्यात आपल्याकडे तो थर धरायला वेळ लागत नाही. म्हणजे कोकणात ऊन लागलं नाही तरी नुसत्या हवेतल्या ओलाव्याने बिअर तापते.

त्यामुळे दुहेरी भिंतीचा ग्लास घ्या. बाहेरून कोरडा राहतो. लहान-मोठा, जाड-पातळ हा वादच उरत नाही.

तिरफळ (मालवण)

मी घरगुती निवास चालवते, चार खोल्या. पाहुणे स्वतःची बाटली घेऊन येतात आणि ग्लास मागतात. दुहेरी भिंतीचे सहा ग्लास घेतले होते, एका मोसमात चार फुटले. अंगण सारवलेलं आहे, पोरं अनवाणी फिरतात. सारवणात रुतलेली काचेची कपची दिसत नाही. धाकट्याच्या पायातून काढली आहे मी, त्या दिवसापासून अंगणात काच बंद.

माझं मत, स्टीलचा पेला. पातळ पेल्याचं वजन दीडशे ग्रॅम, तो बिअर ओतताना जवळजवळ तापवतच नाही. हाताची ऊब लवकर लागते हे खरं, म्हणून पेला वरच्या कडेला धरायचा, आपण गरम चहाचा धरतो तसा. फुटत नाही, आणि बिअरला त्याची चव लागत नाही. काचेचा एवढा आग्रह मला कळत नाही.

खाडीकाठ

तिरफळताई, अंगणातल्या काचेबद्दल तुमच्याशी वाद नाही. मुलं असतील तिथे स्टील. पण स्टीलमध्ये बिअरचा रंग दिसत नाही, आणि बुडबुडे कुठे चिकटलेत हेही दिसत नाही. हे दुसरं महत्त्वाचं आहे. बिअरच्या पातळीखाली काचेला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास स्वच्छ धुतलेला नाही, असं समजायचं. स्टीलमध्ये तो अंदाज येत नाही. मग फेस टिकला नाही की दोष बिअरला देतो.

फेस हा शोभेचा भाग नाही. माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं आणि हॉप्समधले कडू पदार्थ मिळून बुडबुड्यांना धरून ठेवतात. त्यात तेलाचा अंश आला की ती पकड सुटते आणि फेस बसतो. आता आपल्या स्वयंपाकघरात बघा. ज्या घासणीने बांगड्याचा तवा घासला त्याच घासणीने ग्लास घासला जातो. त्याहून वाईट म्हणजे सोलकढी. दुपारी ज्या ग्लासात सोलकढी प्यायलो त्यात नारळाच्या रसाचं तेल काचेला धरून राहतं, डोळ्यांना दिसत नाही, एका पाण्याने जात नाही. रात्री त्याच ग्लासात बिअर ओतली की दोन मिनिटांत वर नुसतं पिवळं पाणी. पाच वर्षं मी हेच केलं आणि बिअर शॉपीवाला जुना माल देतो असं समजत राहिलो.

तपासायची साधी रीत आहे. ग्लास आतून ओला करा, पाणी झटका, आणि आत चिमटीने बारीक मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ. मध्ये मोकळे पट्टे राहिले तर तिथे तेल आहे.

रापणकर (वेंगुर्ला)

माका एकच सांगूचां आसा. किनाऱ्यार बसान पिवचां तर बाटलीच बरी. बाटली तपकिरी आसता ती उगाच न्हय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं नीट लिहितो. हॉप्समधल्या कडू पदार्थांवर प्रकाश पडला की गंधकाच्या जातीचा एक वासट पदार्थ तयार होतो. उन्हात उघड्या काचेच्या ग्लासात हे काही मिनिटांत होतं. तपकिरी बाटली तो प्रकाश अडवते, हिरवी तितकी अडवत नाही, पांढरी काच तर नाहीच. तुम्ही ग्लासाची जाडी मोजताय आणि चार वाजता उन्हात तो ग्लास भिंतीवर ठेवताय, मग काय उपयोग? आम्ही रापण ओढून झाली की सावलीत बसतो आणि बाटली थेट तोंडाला लावतो. ग्लास नको, घासणी नको. रिकामी बाटली परत घेऊन जातो, वाळूत टाकत नाही. ते काम पर्यटक करतात आणि जाळं ओढताना पाय आमचे कापतात.

चाकरमानी

बाटलीतून पिताना वास कुठे येतो? चवीतला मोठा भाग वासाचा असतो. बाटलीच्या तोंडाशी नाक पोचतच नाही. आणि वायू सगळा पोटात जातो. ग्लासात ओतताना निम्मी लढाई तिथेच होते, फेस होऊन वायू बाहेर पडतो.

रापणकर

साध्या लागरला कसला वास शोधता? दिवसभर समुद्रावर राहून आल्यावर गार आणि कडू एवढंच पाहिजे असतं.

सागरगोटा

रापणकर, साध्या लागरसाठी तुमचं पटतं. गव्हाच्या बिअरसाठी नाही. तिला यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. वेलची केळ्याचा घड घरात टांगलेला असला की जसा घमघमाट येतो तसा. जर्मनीतल्या बव्हेरियात तिच्यासाठी अर्ध्या लिटरचा उंच ग्लास असतो, कमरेत बारीक, वर फुगीर. ही बिअर जास्त फसफसते, त्या फेसाला वर जागा हवी. बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असतं, ते शेवटचा घोट उरल्यावर गोल हलवून वर ओततात. हे बाटलीतून तोंड लावून करता येत नाही आणि स्टीलच्या पेल्यात दिसत नाही. खाडीकाठ यांच्या २०० मिलीच्या ग्लासात तर तो फेसच मावणार नाही.

खाडीकाठ

मावणार नाही, हे मान्य. गव्हाच्या बिअरला माझा नियम लागू नाही, आणि ती थोडी कमी थंड चालते, ७ ते १० अंश, त्यामुळे घाईही नसते. पण बव्हेरियन ग्लास मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही. घरात वाइनचा ग्लास असेल तर तो वापरा. खाली रुंद, वर आत वळलेला, वास कोंडून ठेवतो.

उन्हाचा मुद्दा मात्र रापणकरांनी बरोबर पकडला. माझ्या पडवीवर पश्चिमेचं ऊन येतं आणि मी ग्लास तिथेच कठड्यावर ठेवत होतो. आता सूर्य बुडाल्यावर बसतो.

तिरफळ

आज मिठाची परीक्षा घेतली. निवासाचे बारा काचेचे ग्लास काढले, खोल्यांत ठेवते ते. नऊ नापास. त्यातले सगळेच्या सगळे जेवणाच्या टेबलावरचे, सोलकढी आणि ताकाचे. जे तीन पास झाले ते फक्त पाण्याचे होते.

मग खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून नवीन घासणीने घासले, पुन्हा मीठ टाकलं. या वेळी बारातले दहा पास. राहिलेल्या दोनवर पांढुरके डाग होते. ते तेल नव्हतं. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यातले क्षार काचेवर वाळतात. शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं घेतल्यावर तेही गेले. फडक्याने पुसले नाहीत, पालथे घालून वाळवले, कारण आमच्या फडक्यांनाही तुपातेलाचा हात लागलेला असतो.

संध्याकाळी नवऱ्याला एकाच बाटलीतली बिअर धुतलेल्या आणि न धुतलेल्या ग्लासात दिली, कोणता कुठला ते न सांगता. धुतलेल्यात दोन बोटं फेस शेवटपर्यंत, प्रत्येक घोटानंतर काचेवर जाळीसारखी रेघ. दुसऱ्यात काहीच नाही. त्याने विचारलं, ही दुसरी कालची उघडलेली आहे का.

अंगणात स्टीलच राहणार, त्यात बदल नाही. पण आता पेलेही वेगळ्या घासणीने धुणार. आणि खोल्यांसाठी लहान पातळ ग्लास घ्यायचे म्हणते. मालवणच्या बाजारात सगळे ३०० मिलीच्या वरचे आणि जाड बुडाचे मिळतात. २०० मिलीचे कुठे मिळतील?

खाडीकाठ

ताई, चहाच्या टपऱ्यांना माल देणाऱ्या भांड्यांच्या दुकानात विचारा. तिथे कटिंगचे ग्लास असतात, त्यांच्या पुढचा मोठा आकार मागा. सरळ उभा, नक्षी नसलेला घ्या, नक्षीच्या खाचांत घासणी पोचत नाही. घेण्याआधी कडेवरून बोट फिरवा, कड जाड आणि गोल लागली तर ठेवून द्या.

चाकरमानी

शिमग्याला येतोय. एक मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून आणतो, बर्फाच्या पेटीत घालून. खाडीकाठ, तुमचा लहान ग्लास आणि थर्मामीटर तयार ठेवा. एकाच बाटलीतली ओतायची, दर पाच मिनिटांनी मोजायचं, पडवीतच. लाइट गेली तरी चालेल.

खाडीकाठ

या. मग सोड्याने धुऊन आणा.